पाणी जाणार कुठे, एवढंच विचारलं होतं

रायपुरात घरामागे पोहण्याचा हौद बांधून देणारे ठेकेदार आता पुष्कळ झाले आहेत. हौदाचे आकार, टाइल्स, पाण्याखालचे दिवे, कारंजी, सगळ्याची गुळगुळीत रंगीत पुस्तिका त्यांच्याकडे असते. हौदाभोवती जो डेक करतात, त्यावर पडलेलं पाणी शेवटी कुठे जातं, याचं एकही पान त्या पुस्तिकेत नसतं. ते पान मला फार महाग पडलं. तुमचे पैसे तरी वाचावेत म्हणून हे लिहितो आहे. आणि खरं सांगायचं तर, पोटातलं बाहेर काढावं म्हणूनही.

एक गोष्ट आधीच नोंदवतो. मी विचारलं होतं. काम सुरू व्हायच्या आधी, व्हॉट्सअॅपवर, लेखी: "डेक का पानी किधर जाएगा?" उत्तरादाखल ठेकेदाराकडून एक अंगठा आला. त्या अंगठ्याचा अर्थ होकार होता, की 'पाहू', की 'गप्प बसा', हे मला आजतागायत कळलेलं नाही. तो संदेश मी पुसलेला नाही. कारण पुढे हाच गृहस्थ चार माणसांसमोर म्हणाला, "अंकलजी ने तो ड्रेनेज की बात ही नहीं की थी."

आमचा हौद 10 मीटर लांब, साडेचार मीटर रुंद, सरासरी 1.4 मीटर खोल. म्हणजे 63 हजार लिटर पाणी. भोवती फ्लेम फिनिश ग्रॅनाइटचा डेक, सगळा मिळून 110 चौरस मीटर. पद्धत ओव्हरफ्लोची. काठावरून सांडणारं पाणी जाळीखालच्या नालीत पडतं, तिथून बॅलन्सिंग टँकमध्ये, मग फिल्टरमधून परत हौदात. ही नाली हौदाच्या स्वतःच्या पाण्यासाठी असते. औषध घालून, गाळून जपलेलं ते पाणी. पावसाचं, बागेचं, चपलांखालचं पाणी तिच्यात येताच कामा नये. डेकचा उतार हौदापासून बाहेरच्या बाजूला, त्या कडेला वेगळी नाली, वेगळा पाइप, वेगळा चेंबर, हा साधा नियम आहे.

आमच्या ठेकेदाराने अख्ख्या डेकचा उतार हौदाच्याच नालीकडे दिला. शिवाय लॉनच्या बाजूला दोन कोपऱ्यांत नहाणी ट्रॅप बसवले आणि त्यांना दोन इंची पाइप जोडले. ते बहुधा माझ्या व्हॉट्सअॅपच्या प्रश्नाचं उत्तर असावं. मी नालीबद्दल पुन्हा टोकलं तर म्हणाला, "एक ही नाली में दोनों काम हो जाएगा. आपका पैसा बचाया है अंकलजी." माझा पैसा वाचवणाऱ्या माणसांची मला तेव्हापासून धास्ती वाटते.

काम मे महिन्यात पुरं झालं. रायपूरचा मे, फरशीवर पाऊल ठेवता येत नाही असा. त्या उन्हात त्याने हँडओव्हर दिला, फोटो काढले, मिठाईचा डबा दिला आणि शेवटचा हप्ता नेला. मे महिन्यात कुठलाही डेक उत्तमच दिसतो. हे वाक्य वहीत लिहून ठेवा.

जूनच्या अखेरीस पहिला मोठा पाऊस संध्याकाळी आला. मी मागच्या दारात उभा होतो. डेकवर पाण्याचा पातळ थर होता, वाऱ्याने झडलेली कडुनिंबाची पानं त्यावर तरंगत होती. ती पानं चालली होती. सगळी एकाच दिशेने, हौदाकडे. भिंतीलगतची, कोपऱ्यातली, नहाणी ट्रॅपच्या अगदी शेजारची सुद्धा. पायरीखाली अडकलेलं एखादं पान सुटलं की तेही तिकडेच वळत होतं. लेव्हलची नळी लावायची गरजच उरली नाही.

मग लॉनची माती निघाली. लॉन डेकपेक्षा चार बोटं उंच ठेवलं होतं, 'दिखने में अच्छा लगता है' म्हणून. ती काळी माती डेकवरून हौदाच्या नालीत, नालीतून बॅलन्सिंग टँकमध्ये. गच्चीचे दोन पाइप थेट डेकवर ओतत होते, कारण त्यांना खाली जोडायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. अंधार पडेपर्यंत हौदाचं पाणी चहाच्या रंगाचं झालं. बॅलन्सिंग टँक भरून वाहिला आणि शेजारच्या, जमिनीत पाच फूट खाली असलेल्या पंपरूममध्ये उतरला. मोटर गेली. जंक्शन बॉक्सही त्याच खड्ड्यात, गुडघाभर उंचीवर बसवलेला. सौभाग्यवतींनी मला दंडाला धरून मागे ओढलं आणि आधी मेन स्विच पाडला. खड्ड्यातल्या त्या जंक्शन बॉक्सचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. पैशाचं नुकसान माणूस विसरतो. पाणी आणि वीज एका खड्ड्यात ठेवणाऱ्याला कसं विसरावं?

दुसऱ्या दिवशी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. डेक 110, डेकवर रिकामं होणारं छप्पर 90, एकूण 200 चौरस मीटर. दिवसभरात 100 मिलिमीटर पडला तर 20 हजार लिटर. आपल्याकडे वर्षाचा पाऊस साधारण 1200 मिलिमीटर आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, त्यामुळे असे दिवस येतातच. पण दिवसाच्या हिशेबाने पाइप ठरत नाही, जोराच्या सरीच्या हिशेबाने ठरतो. तासाला 60 मिलिमीटरच्या वेगाने कोसळणाऱ्या सरीत याच जागेवरून सेकंदाला तीन लिटरहून जास्त पाणी निघतं. दोन इंची पाइप मीटरला एक सेंटिमीटर उतारावर, पूर्ण भरून वाहिला तरी सेकंदाला एक लिटरसुद्धा नेत नाही. दोन पाइपांचे मिळून दोन लिटर होत नाहीत. म्हणजे उतार बरोबर असता तरी ते पुरे पडलेच नसते. चार इंची पाइप त्याच उतारावर सहा लिटरच्या आसपास नेतो. व्यास दुप्पट केला की वहन सहापटीहून जास्त वाढतं. पैशाचा फरक मात्र एखाद्या जेवणाच्या बिलाएवढा. ही आकडेमोड दहावीतल्या मुलाला येईल. लाखांचं काम घेणाऱ्याने ती केली नव्हती.

त्याच्या वागण्याबद्दल थोडं लिहायलाच हवं. कारण तुम्हालाही हाच माणूस भेटणार आहे, फक्त नाव वेगळं असेल.

पहिले काही दिवस फोन उचलला नाही. मग आला, डेकवर उभं राहून मोबाइलमध्ये पाहत म्हणाला, "इस बार बारिश ज़्यादा है." मोसमातला पहिला पाऊस होता तो! मग म्हणाला, चूक लॉनवाल्याची. लॉनवाला म्हणाला, मला लेव्हल आर्किटेक्टने दिली. आर्किटेक्ट म्हणाला, हौद माझ्या कामात नव्हता, माझं काम प्लिंथपर्यंत. मग पुन्हा ठेकेदार म्हणाला, "पानी है अंकलजी, अपना रास्ता बना लेगा." पाण्याने रस्ता बनवलाच होता, माझ्या पंपरूममधून. मग एक पोरगा ड्रिल मशीन घेऊन आला आणि डेकमध्ये भोकं पाडायला लागला. काय करतोस विचारलं तर म्हणे, पाणी खाली मुरेल. खाली काय आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याला पाठवणाऱ्याला ठाऊक असायला हवं होतं.

आमची जागा लाभांडीकडची, मुळातलं धानाचं खेत. माती कन्हार. छत्तीसगढच्या शेतकऱ्याला भाठा, मटासी, डोरसा, कन्हार हा फरक नुसत्या पायाने कळतो. भाठ्यावर पाणी थांबत नाही, कन्हारात ते हलत नाही. कन्हार ही भारी काळी चिकणमाती, उन्हाळ्यात हात जाईल अशी भेगाळते आणि पाण्याने फुगते. धानाला पाणी उभं राहावं लागतं, म्हणून तर ती धानाला चालते. अशा मातीत भोक पाडून पाणी 'मुरवायचं' म्हणजे डेकखाली उशी फुगवायची. झालंही तसंच. पावसाळा संपेपर्यंत भिंतीकडच्या फरश्या बोटभर उचलल्या, हौदाच्या कोपिंगशी, म्हणजे काठाच्या दगडांशी, असलेला सांधा फाटला. कोपिंग आणि डेक यांच्यामध्ये 10-12 मिलिमीटरची फट सोडून ती पॉलिसल्फाइडसारख्या लवचीक सीलंटने भरायची असते. आमच्याकडे तिथे पांढरं सिमेंट ठासलेलं होतं.

फरश्या बसवणारा मिस्त्री जुना माणूस. त्याला मी नंतर गाठलं. तो शांतपणे म्हणाला, "ढाल उल्टा हे साहब. मैं बोले रहेंव, ठेकेदार नइ मानिस." आणखी एक गोष्ट त्याने दाखवली. मागच्या कंपाउंडच्या ईशान्य कोपऱ्यात जुन्या शेताची मुही होती, म्हणजे बांधाला पाडलेली वाट. सगळ्या खेताचं जास्तीचं पाणी तिथून खालच्या खेतात जायचं. नेमक्या त्या वाटेवर आमची भिंत उभी आहे, पाणी जायला एकही वीप होल न ठेवता. जमीन सपाट केली, प्लॉट पाडले, पण पाण्याला जुना उतार आठवत असतो. जुन्या रायपूरचं पाणी तलावांत जायचं. बूढा तालाब, महाराजबंध, तेलीबांधा ही त्यांतली आज माहीत असलेली नावं. आता सगळ्यांचं पाणी रस्त्याकडेच्या नालीत जायला बघतं.

आणि ती नाली आमच्या मागच्या अंगणापेक्षा उंच आहे. खरी मेख इथे होती. रस्त्यावर दर वेळी जुन्या डांबरावर नवं डांबर पडतं, रस्ता वर येतो, नालीही वर येते, घर आपल्या जागी राहतं. आमच्या चेंबरचा पाइप नालीत जिथे मिळत होता ते तोंड डेकच्या कडेपेक्षा वर होतं. त्यामुळे जोराच्या पावसात नालीचं पाणी आमच्याकडे यायचं. ठेकेदाराने हा फरक कधी मोजलाच नव्हता. घराच्या पुढून मागे, शंभर फुटांवर, एक पारदर्शक नळी पाणी भरून धरली असती तर काही मिनिटांत कळलं असतं.

ऑगस्टमध्ये तो शेवटचा तोडगा घेऊन आला: हौद रिकामा करू, साफ करू, सांधे भरू. मी नाही म्हणालो, आणि माझ्या आयुष्यातला तो चांगला निर्णय होता. महाराष्ट्र मंडळात भेटणारे आमचे एक स्नेही जलसंसाधन विभागातून निवृत्त झाले आहेत. त्यांनी हे ऐकून कपाळाला हात लावला. भरपावसात जमिनीतलं पाणी वर आलेलं असताना हौद रिकामा केला तर अख्खं काँक्रीटचं पात्र वर उचललं जाऊ शकतं. आमच्या मापाच्या पात्राचं वजन चाळीस-बेचाळीस टन. मातीतलं पाणी काठापर्यंत चढलं तर त्याला वर ढकलणारा जोर ऐंशी टनांकडे जातो. आत 63 टन पाणी आहे म्हणून ते जागेवर बसलेलं असतं. ते काढलं की तळ फुटतो नाहीतर हौद एका बाजूने वर येतो, पाइप तुटतात, आणि मग दुरुस्तीचा विषय राहतच नाही. यासाठी तळाला हायड्रोस्टॅटिक रिलीफ व्हॉल्व्ह बसवतात. बाहेरच्या पाण्याचा दाब वाढला की तो उघडतो आणि पाणी आत घेतो. आमच्याकडे तो नव्हता. ठेकेदाराला विचारलं तर म्हणाला, "वो बाहर के देशों में लगता है." गुरुत्वाकर्षणही बाहेरच्या देशांत वेगळं असावं.

एवढं झाल्यावर त्याने जे केलं त्याने मात्र मी गप्प झालो. एक कागद पुढे केला: "ड्रेनेज का अलग कोटेशन बना दिया है, अंकलजी."

आम्ही पुढे दुसऱ्या माणसाकडून काम करून घेतलं. डेक पूर्ण उखडावा लागला. खर्च मूळ डेकपेक्षा जास्त आला, कारण बांधण्याआधी तोडण्याची मजुरी असते हे कुणी हिशेबात धरत नाही. त्या कामातून आणि त्याआधीच्या मनस्तापातून जे हाती आलं ते आता सांगतो.

सगळ्यात आधी शेवट ठरवा. पाणी अंतिमतः कुठे पडणार, ती जागा आणि तिची पातळी. रस्त्याची नाली, कॉलनीचा नाला, स्वतःचा संप, जे असेल ते. तिथून मागे मागे येत चेंबर, पाइप, नाली आणि सर्वांत शेवटी डेकची उंची काढा. पाइपाला मीटरमागे एक सेंटिमीटर उतार धरला तर 30 मीटर पाइपाला 30 सेंटिमीटर खोली लागते. ती खोली नालीपाशी उरते का, हे पाहा. बहुतेक ठेकेदार उलटं करतात: आधी फरशी ठरवतात, उरलेलं पाण्यावर सोडतात.

नाली उंच असेल तर संप आणि पंप याला पर्याय नाही. आमचा संप आता 1.2 बाय 1.2 मीटर, दीड मीटर खोल आहे, दोन हजार लिटरचा. जोराच्या सरीत तो दहाएक मिनिटांत भरतो. म्हणून फ्लोट स्विचवर चालणारे दोन सबमर्सिबल पंप आहेत, एक बंद पडला तर दुसरा. बाहेर जाणाऱ्या पाइपाला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह आहे, नाहीतर नाली परत आत येते. आणि हे सगळं इन्व्हर्टरवर आहे. रायपुरात वादळी पाऊस आणि वीज जाणं एकत्रच येतं, हे इथे राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

डेकचा उतार हौदापासून बाहेर, मीटरला दीड ते दोन सेंटिमीटर. अमेरिकेत फुटाला पाव इंच देण्याचा रिवाज आहे, तो साधारण एवढाच होतो. खरखरीत दगड असेल तर दोन सेंटिमीटरच धरा, कारण त्याच्या खाचांत पाणी रेंगाळतं. यापेक्षा जास्त उतार दिला तर खुर्ची डुगडुगते आणि ओला पाय घसरतो. उतार पीसीसीमध्येच, म्हणजे तळाच्या काँक्रीटमध्येच, घ्या. फरशीखालच्या मसाल्यात उतार काढतो म्हणणाऱ्या मिस्त्रीवर विश्वास ठेवू नका. मसाला कुठे जाड कुठे पातळ होतो आणि दोन पावसाळ्यांत फरशी वाजायला लागते.

डेकच्या बाहेरच्या कडेला सलग जाळीची नाली करा. कोपऱ्यातले नहाणी ट्रॅप शोभेला असतात, एक पान अडकलं की संपलं. जाळी स्टेनलेस स्टीलची घेत असाल तर 316 मागा. 304 ची जाळी क्लोरिनच्या पाण्याने डागाळते, हे मी स्वतः पाहिलं आहे. फटी 8 मिलिमीटरच्या आत ठेवा, म्हणजे मुलांच्या पायाची बोटं अडकत नाहीत. जाळी हाताने उचलता आली पाहिजे. आमची पहिली जाळी सिमेंटमध्ये बसवून टाकली होती, जणू खाली कधी कचरा जाणारच नाही.

पाइप चार इंचीच, आणि प्रत्येक वळणावर उघडता येईल असा चेंबर. वळण काटकोनात घेऊ देऊ नका, दोन 45 चे बेंड लावायला सांगा. फरशी बसण्याआधी पाइपाचे फोटो टेप लावून काढा. दोन वर्षांनी पाइप नेमका कुठून गेला हे कुणालाच आठवत नसतं.

गच्चीचे पाइप डेकवर सोडू नका. त्यांचं पाणी स्वच्छ असतं, ते गाळून रिचार्ज पिटकडे न्या. नकाशा मंजूर करताना रेन वॉटर हार्वेस्टिंगची अट असतेच. पण डेकचं आणि हौदाचं पाणी त्या पिटमध्ये घालू नका. क्लोरिन, साबण, तेल सगळं तुमच्याच बोअरकडे जाईल.

फिल्टरच्या बॅकवॉशचा विचार कुणी करत नाही. वाळूचा फिल्टर उलटा धुताना दोन-तीन मिनिटांत पाच-सातशे लिटर गढूळ पाणी निघतं. आमच्याकडे ते लॉनमध्ये सोडलं होतं, आणि गवत का जळतं म्हणून माळी युरिया टाकत बसला होता.

लॉन डेकच्या खाली, निदान चार-पाच सेंटिमीटर. मध्ये वीतभर रुंदीचा गोट्यांचा पट्टा. त्याखाली छिद्रांचा पाइप, 20 मिलिमीटरची गिट्टी आणि भोवती जिओटेक्स्टाइलचं कापड. कापड नसेल तर कन्हार गिट्टीत घुसून काही पावसांतच ती नाली मुकी होते.

कन्हार जमीन असेल तर डेकखालची दीड-दोन फूट माती काढून मुरूम भरा, 15 सेंटिमीटरचे थर, प्रत्येक थर पाणी मारून रोलरने दाबलेला. एकदम ट्रॉली रिकामी करून वरून काँक्रीट ओतणारे असतात. त्यांना गेटबाहेरच थांबवा.

पंपरूम शक्यतो जमिनीवर करा. खालीच करायची तर तिला स्वतःचा छोटा संप आणि पंप हवा, दारापाशी सहा इंचांचा उंबरठा हवा. जंक्शन बॉक्स आणि स्विचबोर्ड डेकच्या पातळीच्या वरच. वीज गळताच पुरवठा तोडणारा 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी आणि पाण्याखालचे दिवे 12 व्होल्टचे. यात तडजोड म्हणजे घरातल्या मुलांच्या जिवाशी तडजोड.

हौद बांधतानाच तळाला रिलीफ व्हॉल्व्ह घालून घ्या, नंतर तो बसवणं फार जिकिरीचं असतं. आणि जुलै ते ऑक्टोबर हौद रिकामा करायला कुणी सांगितलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

पाणी शेजाऱ्याकडे ढकलू नका. ठेकेदार सांगेल, "नीचे वाले को लेना ही पड़ता है." हे अर्धसत्य आहे. 1882 च्या सुखाधिकार कायद्यात वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी नैसर्गिकरीत्या खालच्या जमिनीकडे वाहू देण्याचा हक्क आहे, आणि हा कायदा सुरुवातीपासूनच मध्य प्रांतात, म्हणजे आपल्याकडे, लागू होता. पण तो हक्क आपोआप वाहणाऱ्या, कुठल्या ठरावीक वाटेने न जाणाऱ्या पाण्याचा आहे. पाइपाने गोळा करून शेजाऱ्याच्या भिंतीवर सोडलेल्या क्लोरिनच्या पाण्याला तो लागू होईल, या भ्रमात राहू नका. आम्ही खालच्या प्लॉटच्या मालकांशी बोललो, ते भले निघाले. सगळेच निघत नाहीत.

कागदाचं थोडं. कोटेशनमध्ये 'ड्रेनेज' असा एक शब्द असेल तर तो शून्य समजा. नालीची लांबी, पाइपाचा व्यास, उतार, चेंबर किती, शेवटचं तोंड कुठे, हे लिहून घ्या. लेव्हल शीट मागा, म्हणजे डेकच्या दर दोन मीटरवरची पातळी. इमारतीच्या पाणी-निचऱ्यासाठी आयएस 1742 आणि हौदाच्या वॉटरप्रूफिंगसाठी आयएस 6494 ही भारतीय मानकं आहेत. काम त्यांना धरून होईल असं एक वाक्य करारात घाला. ते वाचून जो ठेकेदार हसेल, त्याला काम देऊ नका. बिल पक्कंच घ्या. आमच्याकडे अर्धं काम कच्च्या चिठ्ठ्यांवर झालं होतं, 'जीएसटी बचेगा' म्हणून, आणि वाद झाल्यावर त्या चिठ्ठ्यांवरचं अक्षर आपलं नाही असं सांगायलाही तो कचरला नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार सदोष सेवेची तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे करता येते. फोटो, संदेश, पैसे दिल्याचे पुरावे तारखांसह ठेवा. तो अंगठासुद्धा.

बाकी नेहमीचं: तीन कोटेशनं घ्या, आधीची कामं पाहा, कामावर लक्ष ठेवा. सगळेच हे सांगतात, मीही सांगतो. पण आधीची कामं पाहायला जाल तर ती ऑगस्टमध्ये पाहा आणि मालकाशी ठेकेदार जवळ नसताना बोला. त्याने आम्हाला जे हौद दाखवले होते, ते सगळे फेब्रुवारीतले.

हँडओव्हरच्या दिवशी एक चाचणी घ्याच. दोन होजपाइप पूर्ण सोडून डेकच्या चारही बाजू भिजवा, अर्धा तास. पाणी कुठे थांबतं तिथे खडूने गोल करा. हौदाच्या नालीत बाहेरचा एक थेंबही गेला तर सही करू नका. मग टँकरचं पाणी एकदम डेकच्या बाहेरच्या नालीत सोडा आणि शेवटच्या तोंडाशी उभे राहा. ते पाणी तिथे पोचलं पाहिजे.

आणि पैसे. एकूण रकमेच्या दहा टक्के एक पूर्ण पावसाळा उलटेपर्यंत हातचे राखून ठेवा, आणि हे करारात पहिल्याच पानावर लिहा. ठेकेदार तोंड वाकडं करील, 'अंकलजी, भरोसा नहीं है क्या' म्हणेल. नाही, असं सरळ सांगा. ज्याला आपल्या उताराची खात्री आहे तो ऑक्टोबरपर्यंत थांबतो, आणि जो थांबत नाही त्याने आपल्या कामाबद्दल तुम्हाला सगळं सांगून टाकलेलं असतं.

माझे गेलेले पैसे परत येणार नाहीत. तुम्ही मात्र पाण्याचा नकाशा हातात आल्याशिवाय एकही फरशी उतरवून घेऊ नका.